द्राक्षांच्या काट्यावर

घरातला वजनकाटा गुरामच्याच पायाखाली मोडला,
म्हणून दर सोमवारी मी त्याला तळघरात नेते
आणि द्राक्षं तोलायच्या काट्यावर उभा करते.
एकशे अठरा किलो.
"यंदा पीक चांगलं आहे," तो म्हणतो.
मी हसत नाही. वहीत लिहिते.

तेलावीत लग्न असो, बारसं असो, कुणाचा चाळिसावा असो,
तमादा गुरामच. मेजाचा धनी.
तो बोलल्याशिवाय कुणी पेला उचलायचा नाही,
आणि त्यानं उचलला की तळ दाखवायचा.
चाळीस वर्षं त्यानं तळ दाखवला:
शांततेसाठी, आईबापांसाठी, पाहुण्यांसाठी,
गेलेल्यांसाठी, अजून न जन्मलेल्यांसाठी,
एकदा तर शेजाऱ्याच्या हरवलेल्या गाढवासाठी.
जगाचं भलं चिंतता चिंतता
पोट मात्र याचं सुटलं.

डॉक्टर नातेला अंगानं काटकुळी, बोलायला मऊ.
"बंद काहीच करू नका," म्हणाली,
"बंद केलेलं दार माणूस रात्री उघडतो.
त्यापेक्षा जागा करून द्या."
मग भरल्या बाकावर सगळे थोडे थोडे सरकतात
तशी आम्ही जागा केली.

खाचापुरी शनिवारी. चीजनं भरलेला एक त्रिकोण,
आणि त्या दिवशी सकाळी फक्त काकडी, टोमॅटो, कोथिंबीर.
(कडेचा करपलेला भाग हिशेबात धरायचा नाही,
ही अट त्याची. अर्धा तास भांडून मिळवलेली.)
चुर्चखेला, म्हणजे दोऱ्यात ओवलेले अक्रोड
द्राक्षांच्या घट्ट रसात बुडवून वाळवलेले,
त्याच्या मी नाण्यांएवढ्या चकत्या कापल्या.
रोज चहाबरोबर एक नाणं.
मार्चमध्ये कोटाच्या अस्तरात मला तीन सापडली.
"बचत," तो म्हणाला.

आणि वाइन?
आठवड्याला चार पेले.
हे ऐकून तो दोन दिवस गप्प होता.
तो गप्प म्हणजे गल्लीत कुणी तरी गेलं असावं
असं समजून शेजारीण रडवेली होऊन आली.

मग वाख्तांगचं लग्न आलं.
भिंतीवरचं शिंग भिंतीवरच ठेवून
गुराम मुठीत मावेल एवढी मातीची वाटी घेऊन गेला.
मेजावर कुजबुज झाली.
कुणी तरी म्हणालं, म्हातारा झाला.
तो उठला. वाटी छातीशी धरली. बोलू लागला.
वाटी जितकी लहान, तितकं बोलणं लांब:
वेल छाटणारे हात आले, त्या हातांना शिकवणारे हात आले,
वाख्तांगच्या आजीनं युद्धात
पुरून ठेवलेला रांजण आला.
काटक्यांवर भाजलेलं मांस निवत होतं
आणि कुणी हात लावत नव्हतं.
शेवटी त्यानं जो घोट घेतला
तो जिभेवर इतका वेळ ठेवला
की वाटलं, हा माणूस वाइन आज पहिल्यांदाच पितोय.

ऑक्टोबरात एकशे नऊ.
नोव्हेंबरात एकशे दहा. सुगी होती, मी काही बोलले नाही.

काल रात्री अंथरूण रिकामं दिसलं.
तावातावानं तळघरात उतरले.
हा काट्याशेजारी पाटावर बसलेला,
हातात शिंग, नाक शिंगात.
मी हिसकावून घेतलं. आत हात घातला.
कोरडं.
"नुसता वास घेतोय, त्सियाला," तो म्हणाला,
"वासाचं वजन किती धरायचं, ते नातेलाला विचार."

मला काही सुचेना.
आढ्याला टांगलेल्या माळेतून मी एक चकती मोडली,
अर्धी त्याला दिली, अर्धी मी खाल्ली.
अक्रोड जरासा खवट होता.
वही वर राहिली होती,
आणि ती आणायला
मी काही वर गेले नाही.